वारशाने आलेली समजूत आणि 'अनुमोदित' कर्म

घरात दीर्घ आजारपण आले की 'मागच्या जन्मीचे भोग' हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघतेच, आणि आपणही मान डोलावतो. अशी समजूत पातंजल योगसूत्रांच्या आधारे पालटायची असेल, तर एका वेळी एकच वाक्य घ्यावे आणि ते ज्या शब्दांत ऐकले त्याच शब्दांत वहीत उतरवावे. शब्द सौम्य केले की त्यातील डंख दिसेनासा होतो.

त्यानंतर त्या वाक्याचे प्रमाण, म्हणजे ते खरे मानण्याचा आधार, विचारावे. योगसूत्रांच्या पहिल्या भागातील, म्हणजे समाधिपादातील, सातवे सूत्र प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम (विश्वासू व्यक्तीचा शब्द) ही तीन प्रमाणे मानते. वडीलधाऱ्यांचा शब्द आगमात बसतो असे आपण गृहीत धरतो. परंतु व्यासभाष्य, म्हणजे या सूत्रांवरील जुनी टीका, स्पष्ट सांगते की, वक्त्याने जे स्वतः पाहिले नाही व अनुमानानेही जाणले नाही, त्याविषयीचा त्याचा आगम डळमळतो. शेजारच्या रुग्णाचा मागचा जन्म आपल्या घरात कोणी पाहिला होता?

योगशास्त्र कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ मिळणे, नाकारत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करावे. दुसऱ्या भागातील, म्हणजे साधनपादातील, तेराव्या सूत्रात 'सति मूले' अशी अट आहे: अविद्या, आसक्ती यांसारख्या क्लेशांचे मूळ असेल तरच कर्माशय, म्हणजे साठलेले कर्म, फळतो. भाष्यातील दृष्टान्त आपल्या भातशेतीतलाही वाटावा असा आहे; तूस असलेली साळ उगवते, तूस काढलेला तांदूळ उगवत नाही.

माझ्या मते खरी मेख साधनपादाच्याच चौतिसाव्या सूत्रात आहे. तेथे हिंसादी वितर्क, म्हणजे यमनियमांविरुद्धचे विचार व वर्तन, कृत (स्वतः केलेले), कारित (दुसऱ्याकडून करवलेले) आणि अनुमोदित (संमती दिलेले) असे त्रिविध सांगितले आहेत. लोभ, क्रोध, मोह ही कारणे आणि मृदू, मध्य, अधिमात्र (तीव्र) या मात्रा धरून भाष्यकार सत्तावीस भेद मोजतात. दुसऱ्याच्या वेदनेला 'त्याचेच भोग' म्हणून दिलेली संमती मला मोहातून आलेले अनुमोदन वाटते, आणि ते आपल्या स्वतःच्या कर्मात जमा होते. वाक्य वारशाने आले असले, तरी मान आजच डोलावली जाते.

म्हणून अभ्यास त्याच क्षणी करावा. वाक्य मनात उठताच प्रतिपक्षभावना (उलट बाजूचे चिंतन) करावी, म्हणजे या संमतीचे फळ दुःख आणि अज्ञान आहे हे स्वतःला आठवून द्यावे; केवळ गोड वाक्य घोकू नये. हे दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करावे लागते. पुढच्या वेळी रुग्णाला भेटायला जाल तेव्हा त्याच्या उशाशी बसावे, आणि औषधे आणायची आहेत का, एवढेच विचारावे.