दारात एमजीबी असताना रोजची गाडी घेताय? या चुका टाळा

एमजीबी किंवा ट्रायम्फसारखी जुनी ब्रिटिश गाडी सांभाळणारा माणूस रोजच्या गाडीच्या बाबतीतही आधी प्रेमातच पडतो. पहिली चूक तीच. स्वस्तात मिळालेली दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान चालवायला झकास वाटते, पण तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अडला की पार्टची वाट बघत बसावं लागतं. नेमके तेव्हाच एमजीबीचे एसयू कार्ब्युरेटर (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारे) खोलून ठेवलेले असले, तर दोन्ही गाड्या उभ्या. रोजची गाडी नाकासमोर चालणारी हवी. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही ओळखीचं, म्हणजे मारुतीचं १.२ किंवा होंडा सिटीचं १.५ लिटर.

‘अडलंच तर जुनी काढू’ हा हिशेबही धरू नका. ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवली, की २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

ऑफिस चार-पाच किलोमीटरवर असेल तर बीएस-६ डिझेल नको. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर हायवेवर सलग धावून चांगला तापला तरच साफ होतो. सिग्नलच्या गर्दीत तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. मॅन्युअलप्रमाणे एकसारख्या वेगाने लांब फेरी मारूनही दिवा गेला नाही, तर सर्व्हिस सेंटर गाठा.

सेकंडहँड गाडीत आपली नजर रंगावर आणि पॅनेलच्या फटींवर जाते. रोजच्या गाडीत आधी पाणी शोधा. पावसाळ्यानंतर पुरात बुडालेल्या गाड्या चकाचक होऊन बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. सीटखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा. अशी गाडी आज नीट चालेल, पण ओल शिरलेले वायरिंगचे जोड सहा महिन्यांनी एकेक करून दगा देतात आणि बिघाड सापडता सापडत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या.

पार्किंग एकामागे एक असेल तर रोजची गाडी बाहेरच्या बाजूला राहील असंच बघा. नाहीतर वाट मोकळी करायला रोज सकाळी जुनी दोन मिनिटांपुरती सुरू करावी लागते; इंजिन तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल साचते, बॅटरीही उतरते.