कर्करोगातून बरे झालेल्या मुलाला पुन्हा मैदानावर नेताना

उपचार संपून दोन वर्षे उलटली तरी अनेक घरांत मुलाला 'तू बस, दमशील' असेच सांगितले जाते. हे जपणे समजण्यासारखे आहे. पण माझ्या मते मुलाच्या हालचालीला औषधांइतकीच खीळ या धास्तीने बसते. धास्ती घालवायची तर आधी उपचारांची फाइल उघडावी.

कोणते औषध दिले गेले, यावर पुढचे बरेच काही ठरते. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन दिले असेल, तर हृदयाच्या स्नायूंवर काही वर्षांनीही परिणाम दिसू शकतो. म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी करायचा आणि जड वजने उचलावीत का, हे डॉक्टरांना विचारावे. व्हिन्क्रिस्टिन या औषधामुळे पायांच्या नसा दुखावल्या असतील, तर चालताना पाऊल घसटते, ठेच लागते आणि घरचे त्यालाच आळस समजतात. अशा मुलाला मैदानापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे न्यावे. स्टेरॉइडनंतर खुबा किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर उड्यांचे खेळ तपासणीपर्यंत थांबवावेत. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यासाठी १९९१ पासून एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक चालते. तिथे नोंद असल्यास हे प्रश्न लिहूनच न्यावेत.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते, परंतु पहिल्याच आठवड्यात तो आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये. दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. खेळताना मुलाला बोलता येते पण गाता येत नाही, इतपतच दम लागू द्यावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा धडधड जाणवल्यास लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे.

मुंबईत मोकळी जागा हीच मोठी अडचण. शिवाजी पार्क जवळ नसेल, तर चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा जिनाही चालतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळावे, आणि पावसाळ्यात घरातच गाणी लावून नाचावे. खेळ मुलानेच निवडावा. व्यायाम म्हणून कंटाळणारे मूल लगोरीसाठी तासभर धावते.

शाळेत पीटीच्या तासाला कायमची सूट देणारी चिठ्ठी मागू नये. त्याऐवजी काय चालेल आणि काय नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन वर्गशिक्षिकेबरोबर पीटीच्या सरांनाही द्यावे. ते पत्र दर तपासणीनंतर बदलून घ्यावे.