दोन डायलिसिसच्या मधले दिवस: गोव्यातील रुग्णांसाठी

आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचे रक्त १६८ तासांपैकी १२ तासच यंत्रातून शुद्ध होते. उरलेल्या वेळात शरीरात पाणी, मीठ आणि पोटॅशियम किती साचेल, हे बरेचसे त्याच्या स्वतःच्या शिस्तीवर अवलंबून असते. गोमंतकीय असो वा कामासाठी बाहेरून आलेला, पथ्य दोघांनाही तेच आहे.

रोज सकाळी शौचाहून आल्यावर, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. ही वाढ ड्राय वेटच्या, म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यावरच्या वजनाच्या, चार टक्क्यांच्या आत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे २.४ किलोपर्यंत राहावी. तहान मिठाने वाढते, त्यामुळे पाण्याचे पेले मोजण्याआधी पेजेसोबतचे लोणचे, पापड आणि खारवलेली सुकी मासळी ताटातून काढावी. ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.

शहाळ्याचे पाणी, केळी आणि फणस यांत पोटॅशियम भरपूर असते. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून द्यावे. परसातले करमल (स्टार फ्रूट) मात्र पूर्ण वर्ज्य समजावे. उत्तरेकडील कामगार त्यालाच कमरख म्हणतात. एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या या पाच धारांच्या फळातील विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग गोंधळलेपणा, झटके आणि कधी मृत्यूही ओढवतो. ‘एकच फोड घ्या’ हा पाहुणचाराचा आग्रह येथे नम्रपणे, पण ठामपणे नाकारावा.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडाच्या) हातावर रोज बोटे ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. ती थांबल्यास त्याच दिवशी केंद्राला कळवावे. त्या हातातून रक्त काढू देऊ नये, रक्तदाब मोजू देऊ नये आणि त्यावर घट्ट बांगडी घालू नये.

बाहेरून आलेल्यांची खरी अडचण कागदांची असते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेला गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणून वास्तव्याचे पुरावे जपून ठेवावेत. आपली भाषा न समजणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर नुसती मान डोलावू नये. नातेवाइकामार्फत गोळ्यांची वेळ विचारून घ्यावी, विशेषतः फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, हे नीट समजून घ्यावे. चवथीला कुडाळ-सावंतवाडीकडे गावी जाणाऱ्यांनी तेथील केंद्रात जागा आधीच ठरवून ड्राय वेट, हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) मात्रा आणि कावीळ बी, सी व एचआयव्हीचे अहवाल सोबत न्यावेत. सणासाठी डायलिसिस चुकवणे सर्वांत महागात पडते. आडवे झाल्यावर दम लागला किंवा पाय अचानक लुळे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि डायलिसिस रुग्ण असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.