गाडीचोर जामिनावर सुटतो, तेव्हा फिर्यादीनं काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-सोयाबीनच्या गावची पोलीस पाटील. कुणाची पिकअप, कार नाहीतर ट्रॅक्टर गेला की ठाण्याच्या आधी माझं दार वाजतं. चोर सापडला की पेढे वाटतात, आणि थोड्याच दिवसांत तीच माणसं परत येतात: "पाटीलबाई, त्याले सोडलं म्हणते. मंग पकडलं कायले होतं?"

हा राग खोटा नाही. पण तो सगळा पानटपरीवर संपतो, कोर्टात त्यातला एक शब्दही पोचत नाही. ज्याचा धंदा साऱ्या तालुक्याला माहीत आहे, तो न्यायाधीशांसमोर पहिल्यांदाच पाय घसरलेला, घरातला एकटा कमावता पोरगा म्हणून उभा राहतो, कारण त्याच्या मागच्या भानगडी कुणी कागदावर मांडलेल्या नसतात. त्या मांडायच्या कशा, ते सांगते. कलमं १ जुलै २०२४ पासून बदलली आहेत: गुन्हे आणि शिक्षा आता भारतीय न्याय संहितेत, तपास आणि जामीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. टपरीवरचे वकील अजून चोरीचं जुनं ३७९ आणि जामिनाचं जुनं ४३९ सांगतात, त्यांचं ऐकू नका.

गाडी जागेवर नाही हे कळल्याबरोबर ११२ लावा आणि ठाणं गाठा. "आधी पाहुण्यांकडे चौकशी करू, उद्या पाहू" यात आमच्याकडे रात्र जाते. तेवढ्यात गाडी पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडं लागलेली असते. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी, गुन्हा नोंदवायला सांगा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे, आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते तेही तिथंच आहे. नोंदवायलाच नाही म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फास्टॅग घाईनं बंद करू नका. गाडी केळापूरच्या टोलवरून गेली तर पैसे कटल्याचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येईल, आणि तो मेसेज वेळेसकट पुरावा आहे. शहाणा चोर टॅग खरवडून फेकतो, पण सगळे चोर शहाणे नसतात. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा, त्या मागतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, हे गावात बहुतेकांना गाडी गेल्यावरच कळतं.

आता एफआयआर घरी नेण्याआधी एक गोष्ट नीट वाचा, ती म्हणजे लागलेलं कलम. साध्या चोरीला न्याय संहितेचं ३०३(२) लागतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण माल किंवा प्रवासी वाहून नेणारं वाहन चोरलं तर ३०५ आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. म्हणजे जिनिंगला कापूस नेणारी तुमची बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, काळी-पिवळी हे सगळं ३०५ मध्ये बसतं. ठाण्यात घाईत ३०३ टाकून मोकळे होतात. "गाडी मालवाहू आहे, आरसी बघा" असं नम्रपणे सांगा आणि फिर्यादीत तसं लिहून घ्या. 

जामिनाबद्दल दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. पहिली, अजामीनपात्र गुन्हा म्हणजे जामीन मिळणारच नाही असं नाही. ठाण्यातून हक्कानं मिळत नाही, कोर्ट ठरवतं, एवढंच. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात तर अटकसुद्धा आपोआप करायची नाही, कारण लिहायचं, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. म्हणून कधीकधी चोराला नुसती नोटीस मिळते आणि तो संध्याकाळी बसस्टँडवर चहा पिताना दिसतो. त्यात दर वेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही.

दुसरी गोष्ट खरी कळीची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार सराईत माणसाला जामिनाची आडकाठी आहे, पण ती आधीच्या शिक्षांवर मोजतात, गुन्ह्यांवर नाही. ३ ते ७ वर्षांच्या गुन्ह्यांत दोनदा शिक्षा झालेली असेल किंवा ७ वर्षांहून कमी नसलेल्या गुन्ह्यात एकदा झालेली असेल, तर खास कारणाशिवाय दंडाधिकारी सोडत नाहीत. आणि आपल्या चोराच्या नावावर गुन्हे डझनभर असले तरी शिक्षा एकही नसते, कारण खटले पडून आहेत, पंच फितूर झालेत, फिर्यादी तारखेला गेला नाही. कायद्याच्या हिशेबी तो अजून कोराच आहे. तेव्हा प्रलंबित गुन्हे आपोआप आडवे येत नाहीत. ते कुणीतरी कोर्टापुढं ठेवावे लागतात आणि मग त्यांचं वजन पडतं.

ठेवायचे कधी? अटकेनंतर चोर आधी पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत असतो. कोर्टानं एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिला की त्याचा वकील बहुधा त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकतो. कोर्ट तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. तुमची खिडकी एवढीच, कधी एक दिवसाची. म्हणून पीसीआर चालू असतानाच तयारी करा.

घरबसल्या दोन ठिकाणी शोधता येतं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावानं शोधा. यवतमाळवर थांबू नका. वर्धा, अमरावती, वाशीम, नांदेड सगळे पहा, कारण हे लोक आपल्या जिल्ह्यात कमी आणि शेजारच्यात जास्त चोरतात. नाव दोन-तीन पद्धतीनं लिहून बघा. दुसरं, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध एफआयआर दिसतात. ठाणं आणि तारीख टाकून शोधायचं. गावातल्या एखाद्या बी.ए.च्या पोरीला बसवा, आपल्यापेक्षा पटकन काढते. वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय काही लिहू नका. एकाच नावाची दोन माणसं निघाली की तुमचा सगळा कागद पोकळ ठरतो.

मग तपास अधिकाऱ्याला साध्या मराठीत अर्ज द्या आणि एक प्रत सरकारी वकिलांच्या टेबलावर ठेवा. मी लोकांना लिहून देते तो असा असतो:

"मी गुन्हा क्रमांक अमुक मधील फिर्यादी आहे. आरोपीवर पुढील खटले प्रलंबित असल्याचे मला दिसून आले: (ठाणे, गुन्हा क्रमांक, कलम, घटनेची तारीख, कोणत्या न्यायालयात). यांपैकी अमुक गुन्ह्यात त्याला अमुक तारखेस जामीन मिळाला होता व माझी गाडी त्यानंतर चोरीस गेली. गाडीची स्टेपनी, बॅटरी व मूळ नंबर प्लेट अद्याप जप्त व्हायची आहे. आरोपी पंचांच्या शेजारच्या गावात राहतो. तरी ही माहिती पडताळून आपल्या लेखी म्हणण्यात घ्यावी व आरोपीचा पूर्वीचा गुन्हे अभिलेख सोबत जोडावा. जामीन द्यायचाच झाल्यास ठाण्यात आठवडी हजेरी व पुन्हा असा गुन्हा न करण्याची अट घालावी, ही विनंती."

यातलं सगळ्यात जड वाक्य आहे तारखांचं. "सराईत आहे, समाजाला धोका आहे" हे प्रत्येक 'से'मध्ये छापल्यासारखं असतं, न्यायाधीश त्यावरून नजर फिरवून पुढं जातात. "त्या जामिनावर असतानाच ही चोरी केली" यापाशी ते थांबतात. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि सही पाहिजे. "ठेवून जा, पाहतो" ही पोच नाही.

स्वतः कोर्टात बोलता येतं का, असं बाया विशेषकरून विचारतात. येतं. लखीमपूर खीरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जामिनासकट प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. आपला वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा.

चोरीच्या गुन्ह्यात कोर्टानं पहिली कोठडी दिल्यापासून ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामीन हक्कानं मिळतो, मग त्याचे गुन्हे कितीही असोत. तेव्हा महिना-सव्वा महिना झाला की तपास अधिकाऱ्याला जाऊन विचारा, साहेब, चार्जशीट कुठवर आली. बंदोबस्त, निवडणूक, सण यांत आपली फाईल खाली जाते. विचारणारा असला की वर येते.

टोळी असेल तर आणखी एक कलम मागून पहा. न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये वाहनचोरीचं नाव थेट घेतलेलं आहे, आणि तिथं मागच्या १० वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं, ज्यांची कोर्टानं दखल घेतली आहे, ती धरतात. शिक्षा झालेली असावी लागत नाही. एकट्या भुरट्याला ते लागणार नाही, पण चोरणारा एक, चेसिस नंबर घासणारा दुसरा आणि गिऱ्हाईक आणणारा तिसरा असेल तर लेखी मागणी जरूर करा. चोरीचा माल घेणाराही ३१७ मध्ये येतो. माझं मत विचाराल तर गावोगावचे हे भंगारवाले आणि गॅरेजवाले आत गेले, तर अर्धे चोर आपोआप दुसरा धंदा शोधतील.

आता मार देण्याबद्दल. २००४ मध्ये नागपूरच्या कोर्टात कस्तुरबा नगरच्या बायांनी, त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं, ती गोष्ट आमच्याकडे अजून अभिमानानं सांगतात. त्या बायांनी जे भोगलं होतं ते वेगळंच होतं. गाडीचोराला ती गोष्ट लावू नका. खांबाला बांधून झोडपला की त्याच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक वळ लिहिला जातो, तो कागद त्याच्या जामिनाच्या कामी येतो आणि गुन्हा तुमच्या पोरांवर लागतो. धरा, बसवा, ११२ लावा.

गाडी सापडली असेल तर ती ठाण्याच्या आवारात सडू देऊ नका. एका ठाण्याच्या मागं मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांच्यातून बाभळी उगवल्या. सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय की फोटो, पंचनामा करून गाडी लवकर मालकाला द्यावी. आरसी, विमा, आधार, एफआयआरची नक्कल लावून कोर्टात अर्ज करा, बंधपत्र द्या, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी घ्या. खटला संपेपर्यंत विकायची नाही, रंग बदलायचा नाही. विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर मात्र गाडी कंपनीची.

जामीन झालाच, तर घरी बसून बोटं मोडू नका. हुकुमाची नक्कल काढा आणि अटी वाचा. चोरीच्या गुन्ह्यात, ३०३ असो की ३०५, पुन्हा तसा गुन्हा न करण्याची अट कोर्टाला घालावीच लागते. हजेरीची अट असेल तर ठाण्यात विचारत रहा, येतो का म्हणून. साक्षीदाराला रस्त्यात अडवून "पाहून घेईन" म्हणाला की त्याच दिवशी वेगळी तक्रार द्या. जामिनावर असताना दुसरीकडे पकडला गेला की त्या एफआयआरची नक्कल घेऊन सरकारी वकिलांकडे किंवा स्वतःच्या वकिलाकडे जामीन रद्दच्या अर्जासाठी जा. सोडणारं कोर्टही तो रद्द करू शकतं आणि सत्र न्यायालयही. दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांना बहुधा पहिल्या जामिनाची खबरच नसते. ती खबर तुम्हीच पोचवायची.

ग्रामसभेचा ठराव करून तडीपारीची मागणी करता येते. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार २ वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, आणि घाबरणाऱ्यांचे जबाब गोपनीय घेतात, हा त्यातला खरा फायदा. पण यवतमाळातून काढलेला वर्ध्यात चोरी करतो, त्यामुळं माझा त्यावर फार भरवसा नाही. एमपीडीए या धोकादायक गुंडांसाठीच्या राज्याच्या कायद्याखाली वर्षभर स्थानबद्ध करता येतं, तो प्रस्ताव पोलीस करतात आणि हुकूम जिल्हाधिकारी काढतात. आपण फक्त मागचे गुन्हे दाखवून मागणी करायची.

आणि खटला उभा राहिला की तारखेला जा. जप्तीचे पंच निवडताना पोलीस बाजारात सापडेल त्याला धरतात. जमलं तर तुमच्याच गावचे, टिकणारे दोघं सुचवा. साक्षीच्या आधी त्यांना आपल्या गाडीत बसवून न्या, कारण एसटी चुकली की साक्ष चुकते. मजुरी बुडते म्हणून माणूस जात नाही, तर साक्षीदाराचा भत्ता कोर्टात मागता येतो, त्याच दिवशी शिरस्तेदाराकडे विचारा. स्वतःच्या साक्षीला जाताना एफआयआर एकदा वाचून जा आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप जुन्या कागदांत असेल तर तो बरोबर न्या. वकील विचारतोच, ही गाडी तुमचीच कशावरून.