पन्हाळा–पावनखिंडीच्या वाटेवर बुटाचा सोल सुटला तर

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान. पोती शिवायची दाभण आणि सुतळीचा गुंडा मी ट्रेकलाही नेतो म्हणून पोरं हसायची. गेल्या जुलैत मसाई पठार उतरून कुंभारवाडीकडं जाताना माझ्याच उजव्या बुटानं टाचेकडून आ वासला, आणि हसणं तिथंच थांबलं.

बूट चार वर्षांचे, वापर जेमतेम सहा दिवसांचा. घोळ त्यातच असतो. सोलमधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणानं नुसता ठेवूनही कुजतो. माळ्यावरचा बूट वरून नवाकोरा, आतून भुगा. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सोलची कड अंगठ्यानं दाबून बघा. भेगा दिसल्या तर तो बूट घरीच ठेवा. शंका असेल तर बूट भिजवून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा, काय व्हायचं ते घराजवळ होऊ दे.

वाटेत सुटलाच तर चिकटपट्टीच्या नादाला लागू नका, चिखलात ती धरत नाही. आधी चिखल खरवडून काढा. सुतळी दुहेरी करा, ओली करून पीळ द्या. ती टाचेच्या पुढं, जिथं सोलला खोलगट भाग असतो आणि जमिनीला टेकत नाही, तिथून खालून घ्या. पायावर फुली मारून घोट्यामागं न्या आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारा. आतल्या बाजूची गाठ दुसऱ्या बुटात अडकते, मी एकदा तोंडावर आपटलोय. चवड्याखालून सुतळी घेतली तर जांभ्या दगडावर घासून तुटणारच. चवडा सुटला असेल तर आतला गादीचा तुकडा काढा आणि सोलची कड दाभणानं वरच्या रबराला चार टाक्यांत शिवून टाका. दाभण हातानं रेटू नका, सपाट दगडानं ढकला.

आणि हो, डावा बूटही तेव्हाच बांधा. दोन्ही एकाच वयाचे! मी आळस केला, करपेवाडीच्या अलीकडं तोही गेला.

सॅकचा पट्टा शिवणीतून उसवला तर जुन्या भोकांतून शिवू नका, ते कापड मेलेलं असतं. बोटभर खाली घ्या. कापडच फाटलं असेल तर त्यात गोटी एवढा खडा गुंडाळून, त्याच्या मानेला सुतळी आवळून पट्टा तिथं बांधा. जड सामान थोडं सोबत्यांना वाटून द्या, लाजू नका.

रेनकोट फाटला तर खताच्या पोत्याची खोळ करा, शेतात बायाबापड्या करतात तशी, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून. सॅकला मात्र आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा, वरच्या कव्हरवर भिस्त नको.

हेडटॉर्चचा एक सेल दिवसा काढून ठेवा, म्हणजे बटण दाबलं जाऊन ती सॅकमध्येच जळत राहत नाही.

माझी सुतळी पांढरपाण्यापर्यंत टिकली. तिथं बदलली, कारण गुंड्यात अजून बरीच होती.