जुनं आऊटबोर्ड मिसिंग मारतंय? कार्बोरेटर शेवटी खोला

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या की पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते: आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं मशीन, मिसिंग मारतंय, मध्येच पेट चुकवतंय. खाडीत हळू चालताना काहीच नाही, पण तोंडाबाहेर रेस दिली की फट् फट् करतं आणि दम टाकतं. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो, कार्बोरेटर साफ कर. मग कार्बोरेटर खोलला जातो, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तांब्याची तार घातली जाते, आणि जुना दोष तसाच राहून वर एक नवा लागतो.

इथे दिलेली पद्धत दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक, सीडीआयवर (ठिणगीचा करंट सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) चालणाऱ्या जुन्या मशीनसाठी आहे. यामाहा एन्ड्युरो 40, सुझुकीची डीटी मालिका ही नेहमीच्या पाहण्यातली. पद्धत म्हणजे दोनच प्रश्न. मिसिंग एका सिलिंडरचं आहे की दोन्हींचं? आणि त्या क्षणी कमी काय पडतंय, ठिणगी की पेट्रोल? या दोन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

पेट्रोल

टाकीतलं पावसाळ्याआधीचं पेट्रोल काढून टाका. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात. बाटलीत तशी रेघ दिसली तर टाकी, नळी आणि फिल्टर तिन्ही रिकामे करा. नुसतं वरून ताजं पेट्रोल ओतून काही होत नाही.

चाचणीसाठी छोटी वेगळी टाकी घ्या. 5 लिटर ताजं पेट्रोल, त्यात 100 मिली आऊटबोर्डचं टू-टी ऑइल, म्हणजे 50:1. तुमच्या मॉडेलला जास्त ऑइल सांगितलं असेल तर तितकं घाला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. मिसिंग चालू असतानाच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहा. बल्ब दाबल्यावर मशीन सावरलं, सोडल्यावर पुन्हा पडलं, तर दोष फ्युएल पंपाच्या पडद्यात, चोंदलेल्या फिल्टरमध्ये किंवा हवा ओढणाऱ्या नळीत आहे. नळीच्या कनेक्टरमधली ओ-रिंग आधी बघा, कारण हवा सगळ्यात जास्त वेळा तिथूनच शिरते.

प्लग आणि कॉम्प्रेशन

दोन्ही प्लग काढून कुठला वरचा, कुठला खालचा ते लक्षात राहील असे शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही बदामी असतील तर ठीक. एक ओला आणि काळा असेल तर तो सिलिंडर पेटत नाही. एक पांढरट असेल तर तिथे पेट्रोल कमी जातंय. एक प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ आणि कडेला गंज असेल, तर हेड गॅसकेटमधून पाणी येतंय. मग बाकी सगळं सोडून आधी हेड.

पोर्सेलिनवर टोकापासून खाली उतरलेली केसाएवढी काळी रेघ दिसते का बघा. ठिणगी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर निसटते. असा प्लग कितीही पुसला तरी पुन्हा कामाचा नाही, आणि त्याच्या कॅपच्या आतही तशीच रेघ उमटलेली असते. प्लग आणि कॅप दोन्ही बदला.

नवा प्लग मशीनवर लिहिलेल्या नंबरचाच घ्या. बी7एचएस आणि बीआर7एचएस हे एकच नाहीत, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. नंबरच्या शेवटी ‘-10’ म्हणजे ठिणगीची फट (गॅप) 1 मिलिमीटर. फीलर गेजने मोजा, डोळ्याने ठरवू नका. हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा, तेवढं पुरतं.

कॉम्प्रेशन: दोन्ही प्लग काढलेले, कॅप ब्लॉकला अर्थ केलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, दोरी चार-पाच वेळा ओढा. 90 ते 120 पीएसआयच्या आसपास यायला हवं. आकड्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. तो 10-15 टक्क्यांच्या वर असेल तर ठिणगीमागे लागण्यात अर्थ नाही.

ठिणगी: इथेच सगळे फसतात

प्रचलित पद्धत अशी: प्लग काढून कॅपला लावायचा, ब्लॉकला टेकवायचा, दोरी ओढायची. निळी ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून कार्बोरेटरकडे वळायचं. ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला लागतं त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज दाबलेल्या हवेत लागतं. अर्धमेली कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बाहेर छान ठिणगी देते आणि सिलिंडरमध्ये, तेही पूर्ण रेसवर, हात टेकते. म्हणूनच मशीन खाडीत चालतं आणि बाहेर मिसिंग मारतं. भार वाढला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं जड जातं.

त्यापेक्षा फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, फार महाग नसतो. फट 9-10 मिलिमीटर ठेवा. एवढी फट ओलांडून निळसर पांढरी, कडक आवाजाची ठिणगी आली तर ती खरी. पिवळट, बारीक, अधूनमधून हुकणारी असेल तर नाही. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब धरा. दोरी ओढताना त्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटते.

चालू मशीनची कॅप उपटून ‘कुठला सिलिंडर बंद आहे’ हे बघणं सीडीआयच्या मशीनवर कधीही करू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते. एका दोषाच्या शोधात दुसरा तयार होतो, तोही महागडा.

आता मुख्य गोष्ट. टेस्टरवरही सगळं ठीक आलं तरी गरम झाल्यावर, भाराखाली काय होतं ते कळलेलं नसतं. त्यासाठी टायमिंग लाइट हवी. मोटरसायकलचे जुने मेकॅनिक वापरतात तीच, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी आणि वायरीवर चिमटा बसवायची. टायमिंग बघायचंच नाही, फक्त तिची उघडझाप बघायची. चिमट्यातल्या वायरीतून ठिणगीचा करंट गेला की ती लखलखते, नाही गेला की अंधार.

हे मशीन पाण्याच्या पिपात बांधून करता येत नाही, भार लागतो. शांत खाडीत, ओहोटीचा जोर नसताना जा. एकजण सुकाणूवर, दुसरा लाइट धरून. कव्हर काढलेलं असतं आणि फ्लायव्हील उघडं फिरत असतं, म्हणून लुंगी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही काहीही नको. लाइफ जॅकेट दोघांनाही, आणि बंद करायची दोरी सुकाणूवाल्याच्या मनगटाला. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून नीट गरम होऊ द्या, मग रेस द्या आणि मिसिंग सुरू झालं की लाइट बघा. चिमटा आधी वरच्या सिलिंडरच्या वायरीवर, मग खालच्या.

तीनच गोष्टी दिसू शकतात.

मशीन मिसिंग मारतंय पण लाइट दोन्ही वायरींवर अखंड चालू आहे. म्हणजे ठिणगी निघतेय, दोष पेट्रोलकडे. एक अट मात्र आहे: प्लग आणि कॅप आधीच नवे घातलेले असले पाहिजेत. वायरीतून गेलेला करंट कॅपमधून ब्लॉकवर निसटला तरी लाइट लागतेच.

एकाच वायरीवर लाइट हुकते. दोष त्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये, वायरीत किंवा त्याच्या पल्सर कॉइलमध्ये (ठिणगी कधी सोडायची ते सीडीआयला कळवणारी).

दोन्ही वायरींवर, एकदमच अंधार होतो. दोष दोघांना सामायिक असलेल्या ठिकाणी: फ्लायव्हीलखालची सोर्स कॉइल (सीडीआयला करंट पुरवणारी), बंद करायच्या स्विचची लाइन किंवा सीडीआय.

एक सिलिंडर सापडला की अदलाबदल करा. वरची कॉइल खाली, खालची वर, पुन्हा तीच फेरी. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली. जागचं हललं नाही तर पल्सर किंवा सीडीआयचा तो भाग. काही मशीनमध्ये दोन्ही सिलिंडरला मिळून एकच दुतोंडी कॉइल असते, तिथे अदलाबदल होत नाही. तिथे वायर आणि कॅप नीट करून मगच कॉइलवर या. वायरीचं टोक 5-6 मिलिमीटर कापा. आतली तार हिरवी पडलेली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जा, मग कॅप पुन्हा फिरवून बसवा. कॉइल जिथे ब्लॉकला बोल्टने बसते तो पत्रा आणि ब्लॉक दोन्ही घासून साफ करा. कॉइलचं अर्थिंग तिथूनच होतं आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी धरते. नव्या कॉइलच्या पैशापेक्षा हे काम आधी.

काळोख पडल्यावर एक सोपी खातरजमा: मशीन पिपात चालू ठेवा आणि कॉइलपासून कॅपपर्यंत वायरीवर गोड्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इन्सुलेशन फुटलेलं असेल तर वायरीवरून ब्लॉककडे जाणारे निळे धागे दिसतात. हात लांब ठेवा.

दोन्ही एकदम हुकत असतील तर पहिला संशय स्विचवर. स्विचची वायर सीडीआयपासून सोडवा आणि पुन्हा फेरी मारा. मिसिंग गेलं तर खाऱ्या पाण्याने सडलेला स्विच किंवा घासलेली वायर करंट अर्थ करत होती. वायर सोडल्यावर मशीन बटणाने किंवा दोरीने बंद होणार नाही हे आधीच लक्षात घ्या. चोक पूर्ण ओढून बंद करता येतं, पण निघण्याआधी ते एकदा करून बघा.

मग सोर्स आणि पल्सर कॉइलचे ओहम मोजा, एकदा थंड असताना आणि एकदा फेरी मारून आल्या आल्या. फ्लायव्हील काढायची गरज नाही, कनेक्टर सोडून वायरींवरच मोजता येतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. म्हणजे आधीपेक्षा 40 अंशांनी तापलेली कॉइल 16 टक्के जास्त दाखवणार, तो दोष नाही. आकडा दुप्पट झाला, काटा थरथरला किंवा जोडणीच तुटली तर कॉइल आतून तुटलेली आहे. गरम झाल्यावर तार ताणते, टाका उघडतो. थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. दुकानात नेलं की ‘कॉइल चांगली आहे’ असं उत्तर मिळतं ते याचमुळे.

सीडीआय सगळ्यात शेवटी. ती मल्टिमीटरने खात्रीने तपासता येत नाही. बाकी सगळं निर्दोष ठरल्यावर उरते ती सीडीआय. दुसऱ्याच्या चालू मशीनवरची, त्याच मॉडेलची, तासभर मागून घ्या आणि लावून बघा. आधी विकत घेऊन मग बघणं हा जुगार आहे.

दोरी ओढताना उलटा झटका बसत असेल आणि सगळ्याच रेसवर मशीन बेताल असेल, तर फ्लायव्हीलची चावी अर्धी कापली गेलेली असू शकते. फ्लायव्हील पुलरनेच काढा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारू नका.

आता कार्बोरेटर

लाइट अखंड होती, टाकी ताजी होती, बल्बने फरक पडला नाही, तरच इथे या. हळू चालताना कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), हळू चालीचं पायलट जेट चोंदलंय. हळू ठीक आणि पूर्ण रेसवर पडत असेल तर रेसचं मेन जेट. पायलट स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा.

जेटमध्ये तार, सुई, पिन काहीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की झालं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, आणि अडलंच तर बारीक तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) घाला. नायलॉन पितळेला ओरखडत नाही.

पातळ मिश्रणाचं मिसिंग अंगावर काढून ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणून पूर्ण रेस ठेवू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी, वर उष्णता जास्त. पिस्टन धरतो किंवा त्याला भोक पडतं. रेस अर्ध्यावर आणा आणि हळू परत या.

रॉकेलवर चालणारं मशीन असेल तर आणखी एक सवय लावा. किनाऱ्याला लागण्याआधी शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल साचून राहत नाही आणि सकाळी प्लग काळे होत नाहीत.

सगळं झाल्यावर पुन्हा खाडीत, नेहमीच्या ओझ्यासह, दहा मिनिटं पूर्ण रेस. मागून पाण्याची धार जोरात पडतेय ना ते बघत राहा. मग रेस कमी न करता दोरी खेचून मशीन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. दोन्ही एकसारखे बदामी असतील तर कव्हर लावा. एक अजून पांढरट असेल तर त्या सिलिंडरचं मेन जेट पुन्हा उघडा.