वर्गात वादाचा प्रश्न कसा घ्यावा

तळोदा किंवा शहादा तालुक्यातील माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गात सरदार सरोवर धरणाचा विषय निघतो, तेव्हा ज्याचे मूळ गाव नर्मदेच्या पाण्याखाली गेले असा मुलगा आणि ज्याच्या आजोबांच्या कसणुकीतली वनजमीन पुनर्वसनासाठी घेतली गेली असा मुलगा एकाच बाकावर बसलेले असू शकतात. अशा वेळी धड्यातील दोन ओळी वाचून पुढे सरकण्याकडे आपला कल असतो, कारण पालक काय म्हणतील, संस्थाचालकांना काय वाटेल, गावातील कोण कुठल्या पक्षाचा आहे, हे सारे शिक्षकाला ठाऊक असते. तरीही हा प्रश्न वर्गात घ्यावा असे माझे ठाम मत आहे. मुले तो घरी, पारावर आणि मोबाइलवर ऐकतच असतात. दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून शांतपणे विचार करण्याची संधी मात्र त्यांना शाळेखेरीज क्वचितच कुठे मिळते.

सुरुवात प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यापासून करावी, कारण गावात ज्यावर भांडण होते तो प्रत्येक प्रश्न वर्गात दोन बाजूंनी मांडण्याजोगा नसतो. सातपुड्याच्या पाड्यांवर आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ होतो. ‘डाकीण खरी असते का’ हा चर्चेचा विषय ठेवून अर्धा वर्ग ‘होय’च्या आणि अर्धा ‘नाही’च्या बाजूला बसवला, तर त्या छळाला आपणच शाळेची मान्यता दिल्यासारखे होईल. इथे पुरावा एकाच बाजूला आहे, महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे संविधानाच्या अनुच्छेद 51 क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. ही प्रथा मोडण्यासाठी पोलिसांचा धाक अधिक उपयोगी की गावातील जाणत्या माणसांची मध्यस्थी, दवाखाना जवळ असता तर आजारपणाचा दोष त्या बाईवर गेला असता का, हे प्रश्न मात्र खरोखर खुले आहेत आणि त्यांवर मुलांना मनापासून बोलू द्यावे. हे करताना ‘अडाणी लोक’ असा सूर चुकूनही लागू नये, कारण ज्या घरांविषयी आपण बोलतो त्यांतलीच मुले समोर बसलेली असतात.

कपाशीचेही तसेच आहे. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या, कपाशीच्या लागवडीला भारतात 2002 साली परवानगी मिळाली, हे तथ्य झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा दीर्घकाळ फायदा झाला का, यावर अभ्यासकांतही मतभेद आहेत, आणि चोपडा-अमळनेरकडची मुले त्यावर घरचा अनुभव सांगू शकतात. रावेर-यावल भागात केळीसाठी होणारा पाण्याचा उपसा हाही असाच, तथ्ये आणि हितसंबंध एकत्र गुंतलेला प्रश्न आहे. जर्मनीतील बॉयटेल्सबाख या गावी 1976 साली नागरिकशास्त्राच्या अध्यापकांनी यासाठी एक सूत्र मान्य केले, ते आपल्याकडेही पूर्ण लागू पडते: विद्यार्थ्यावर मत लादायचे नाही, अभ्यासकांत आणि समाजात जो प्रश्न वादग्रस्त आहे तो वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचा, आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हित ओळखून निर्णय करता येईल इतके सक्षम करायचे.

शिक्षकाचे स्वातंत्र्य कशावर उभे आहे, हेही आधीच नीट माहीत असावे. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 1966 च्या शिफारशींत अध्यापन-स्वातंत्र्याचा स्पष्ट उल्लेख आहे, परंतु त्या शिफारशी आहेत, कायदा नव्हे. आपल्याकडे अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिक्षकालाही आहे आणि त्यातील वाजवी बंधनेही आहेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 याचे कलम 29 मुलाला भयमुक्त वातावरणात आपले मत मोकळेपणाने मांडता यावे असे सांगते. ते आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, पण वरच्या वर्गांनीही तोच दंडक मानावा. पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत अनुच्छेद 28 प्रमाणे धार्मिक शिक्षण देता येत नाही, मात्र 2002 च्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचा अभ्यास यांत फरक केला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम राजकीय पक्षाच्या कामापासून दूर राहायला सांगतात. साने गुरुजी 1924 पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. वर्गातील शिक्षक आणि चळवळीतील कार्यकर्ता या दोन भूमिकांमधली रेषा त्यांनी राजीनामा देऊन ओलांडली. ती रेषा आपणही ओळखून असावे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे येऊ. सरदार सरोवराचाच विषय घेतला, तर किमान तीन तासिका राखून ठेवाव्यात. टाचण वहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, पाठ्यपुस्तकातील घटक, अपेक्षित अध्ययन निष्पत्ती आणि वापरायचे कागद यांची नोंद करावी, ती मुख्याध्यापकांना दाखवून सही घ्यावी, आणि ‘अमुक विषयावर दोन्ही बाजू वाचून चर्चा होणार आहे’ एवढे एक वाक्य पालकसभेत किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवावे. ही परवानगी मागण्याची भाषा असू नये, माहिती देण्याची असावी.

पहिल्या तासिकेत मताला जागाच ठेवू नये. फळ्यावर फक्त नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली केलेली पाण्याची वाटणी लिहावी: मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9, राजस्थान 0.5 आणि महाराष्ट्र 0.25 दशलक्ष एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी). त्याखाली विजेची वाटणी लिहावी: मध्य प्रदेश 57 टक्के, महाराष्ट्र 27 टक्के, गुजरात 16 टक्के. मग अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या नकाशावर महाराष्ट्रातील 33 बाधित गावांचा पट्टा दाखवावा आणि गप्प राहावे. आपली गावे बुडाली असताना पाणी इतके थोडे का, वीज आपल्याच पाड्यांना मिळते का, राजस्थानात तर नर्मदा वाहतही नाही मग त्याला वाटा कसा, असे प्रश्न मुलेच विचारू लागतात. त्यांची उत्तरे त्या दिवशी देऊ नयेत; प्रश्न त्यांच्याच शब्दांत, अहिराणीत किंवा पावरीत विचारले असतील तर तसेच, फळ्याच्या एका बाजूला उतरवून घ्यावेत. मुलाची मराठी सुधारण्याची ही वेळ नव्हे.

दुसऱ्या तासिकेसाठी चार-चार मुलांचे गट करावेत. दोघांनी धरणाच्या बाजूचे कागद वाचावेत: कच्छ-सौराष्ट्राचे पिण्याचे पाणी, सिंचन, वीज. दोघांनी विरोधातले वाचावेत: प्रकल्पासाठी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा 1992 चा अहवाल पुनर्वसन आणि पर्यावरणाबाबत काय म्हणतो, त्यानंतर 1993 मध्ये उरलेले कर्ज का थांबले. लवादाचा निवाडा दोन्ही जोड्यांना द्यावा, कारण चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन देण्याची त्यातील अट दोन्ही बाजूंना वापरता येते: एकाला ती चांगल्या पुनर्वसनाची हमी वाटते, तर दुसरा ती कुठे पाळली गेली हे सातबारा उताऱ्यावरून विचारतो. प्रत्येकाने मांडणी केल्यावर बाजू बदलाव्यात, आणि आपल्या विरोधकाचे म्हणणे तो ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे कबूल करीपर्यंत मांडून दाखवावे. या पद्धतीतला सर्वात मोलाचा भाग मला हाच वाटतो, आणि वेळ कमी पडला तर बाकीचे गाळावे, हा गाळू नये.

तिसऱ्या तासिकेत सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2000 चा निकाल घ्यावा. तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली आणि न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळे मत नोंदवले. निकाल बहुमताचा लागू होतो, तरी अल्पमताची पाने त्याच निकालपत्रात जपली जातात, हे मुलांना प्रत्यक्ष दिसले की ‘सरांचे उत्तर काय’ हा प्रश्न बराच मागे पडतो.

तो प्रश्न तरीही येईलच. ‘तुमचं मत काय?’ असे विचारले गेल्यास चर्चा संपण्याआधी ते सांगू नये. नंतर सांगायचे झाले तर हे माझे मत आहे, त्याची कारणे अशी, आणि ते खोडून काढणारे सर्वात भक्कम कारण हे, इतके एकत्र सांगावे. लहान वर्गांत ते न सांगणेच बरे, कारण तिथे बाईंचा शब्द म्हणजे पुस्तकाचा शब्द असतो.

विस्थापित कुटुंबातील मुलाला ‘तू सांग, तुझ्याकडे काय झालं’ असे सर्वांसमोर कधीही उभे करू नये. त्याने स्वतःहून हात वर केला तर त्याला पूर्ण वेळ द्यावा. न केला तर त्याच्या मौनाचा मान राखावा. कोणी जातीवरून किंवा पाड्यावरून टोमणा मारला, तर चर्चा तिथेच थांबवावी, ते वाक्य का चालणार नाही हे सांगावे आणि मगच पुढे जावे.

गुण देताना मत कुठल्या बाजूचे आहे हे पाहू नये. किती पुरावे वापरले, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली का, कुठे ‘मला अजून माहिती हवी’ असे नोंदवले, यांवर गुण द्यावेत आणि हे निकष पहिल्याच दिवशी वर्गात लिहून लावावेत.

तक्रार आलीच, तर पालकाला शिक्षकखोलीत बसवून टाचण वही, दिलेले कागद आणि त्यांच्याच मुलाची उत्तरपत्रिका दाखवावी. बहुतेकांना आपल्या मुलावर काही लादले गेले का एवढेच जाणून घ्यायचे असते. संघटनेचे लोक जमावाने आले, तर एकट्याने बोलू नये. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याला सोबत घ्यावे, आक्षेप लेखी मागावा आणि उत्तरही लेखीच द्यावे. खासगी शाळेतील कायम शिक्षकाला 1977 च्या सेवाशर्ती कायद्याप्रमाणे रीतसर चौकशीशिवाय काढता येत नाही, आणि काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते. म्हणून तारीखवार नोंदींची एक प्रत घरी ठेवावी.